आभासी चलनाची जाहिरात आणि परताव्याचा हिशेब : एक ऐतिहासिक आढावा

जाहिरातीवरील खर्चाचा परतावा कोणत्या मापाने मोजावा, हा वाणिज्याच्या इतिहासातील जुना प्रश्न आहे. आभासी चलनाच्या व्यवसायाने तो नव्या स्वरूपात पुढे आणला. फेसबुक व गूगल यांनी २०१८ मध्ये अशा जाहिरातींवर बंदी घातली. पुढे ती टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. २०२१ च्या तेजीत कंपन्या क्रीडाक्षेत्राकडे वळल्या. मायामीतील क्रीडागृहाला आपले नाव मिळावे म्हणून एफटीएक्स या कंपनीने १९ वर्षांसाठी १३.५ कोटी डॉलरचा करार केला.

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात कॉइनबेस कंपनीने मिनिटभर केवळ एक तरंगता क्यूआर कोड दाखविला. प्रेक्षकांच्या गर्दीने तिचे संकेतस्थळ काही काळ बंद पडले. भेटींच्या संख्येने मोजल्यास हे यश मोठेच होते. एफटीएक्सचीही जाहिरात त्याच सामन्यात झळकली. परंतु ११ नोव्हेंबर २०२२ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांचे पैसे अडकले आणि जानेवारी २०२३ मध्ये क्रीडागृहाचा करारही संपुष्टात आला.

भारतात मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने १ एप्रिल २०२२ पासून अशा जाहिरातींत जोखमीचा स्पष्ट इशारा आवश्यक ठरविला.

सारांश, भेटी व नोंदण्या हा परतावा नव्हे, ती केवळ त्याची सुरुवात होय. ग्राहक किती टिकले आणि त्यांचा पैसा सुरक्षित राहिला काय, यावरच जाहिरातीचे खरे मोल ठरते.