गोंडली आणि गोंधळ : परभणीच्या परिसरातील एका परंपरेचा मागोवा

परभणी जिल्ह्यात प्राचीन वास्तूंच्या दर्शनासाठी येणारा प्रवासी बहुधा जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे व तेथील उंच स्तंभ पाहतो आणि गोदाकाठच्या धारासूर येथील गुप्तेश्वर मंदिरावरील सुरसुंदरींच्या मूर्ती पाहून परततो. दगडात कोरलेले नृत्य त्याला दिसते. परंतु त्या काळच्या नृत्यगायनाशी नाते सांगणारा एखादा विधी याच परिसरातील घरांच्या अंगणात आजही होत असेल, अशी शंका त्याच्या मनास शिवत नाही. गोंधळ हा तो विधी होय.

गोंधळाचे शास्त्रग्रंथांतील पूर्वरूप म्हणून ‘गोंडली’ या नृत्यप्रकाराकडे बोट दाखविले जाते. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या (इ. स. १२१० ते १२४६) आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’च्या नर्तनाध्यायात त्याचे वर्णन केले असून त्यातील नर्तकीस कर्नाटकी वेषभूषा सांगितली आहे. काकतीय गणपतीचा गजसेनापती जायसेनापती याने १२५३-५४ च्या सुमारास रचलेल्या ‘नृत्तरत्नावली’त या नृत्याची उत्पत्तिकथा येते. कल्याण येथे भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषात गात-नाचत असलेली एक स्त्री चालुक्य राजा सोमेश्वराने पाहिली आणि प्रसन्न होऊन त्या नृत्यास शास्त्ररूप दिले. महाराष्ट्रात भिल्लिणीस त्या नावाने ओळखतात म्हणून नृत्यासही ते नाव पडले, असे जायसेनापतीचे म्हणणे. हे कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. वेष कर्नाटकाचा, नाव महाराष्ट्राचे आणि नोंद आंध्रदेशीय दरबारातली, अशी ही त्रिस्थळी आहे.

तथापि नामसादृश्यावरून थेट वंशपरंपरा सिद्ध होत नाही. दोन स्वरांमधील ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होणे नियमास धरून आहे. पण ‘ण्ड’चा ‘न्ध’ होणे तितके सरळ नाही. कन्नडमध्ये ‘गोंदल’ हा शब्द देवीचा विधी व गलबला अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे आणि मराठीतील ‘गोंधळ’ही हेच दोन अर्थ वाहतो. तेव्हा मराठी शब्दाचा विचार संस्कृत ग्रंथांतील रूपांपेक्षा या कन्नड रूपाशी जोडून करणे अधिक युक्त ठरते. शिवाय गोंडली हे एका स्त्रीचे नृत्य, तर गोंधळ हा पुरुषांच्या मेळाचा विधी आहे. दोहोंत समान राहिले ते गायन व नर्तन यांचे ऐक्य आणि मातृदेवतेचा उत्सव. म्हणून दोहोंमधील संबंध वंशजाचा न मानता एकाच दक्षिणी मातृपूजेच्या भूमीत वाढलेल्या भावंडांचा मानणे अधिक सयुक्तिक होय.

या भूमीत परभणीचे स्थान लक्षणीय आहे. ईशान्येस माहूरची रेणुका आणि नैर्ऋत्येस तुळजापूरची भवानी, या दोन पीठांच्या मधोमध हा प्रदेश येतो. गोंधळ्यांचे रेणुराई व कदमराई हे दोन भेद याच दोन देवतांशी निगडित आहेत. कापडावर धान्याचा चौक भरून त्यावर कलश मांडावयाचा, दिवटी पेटवावयाची, संबळ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने गण म्हणून देवतांना गावोगावहून आवाहन करावयाचे, नंतर आख्यान लावून पहाटे आरतीने सांगता करावयाची, असा हा क्रम. संत एकनाथांनी गोंधळावर रूपके रचली, यावरून सोळाव्या शतकात तो लोकांच्या किती परिचयाचा होता हे कळते. विसाव्या शतकात परभणीच्या राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांमुळे तो घराच्या अंगणातून रंगमंचावरही पोहोचला.

१९५६ पर्यंत परभणी व बसवकल्याण एकाच हैदराबाद राज्यात होती. भाषावार प्रांतरचनेने एक मुंबई राज्यात व दुसरे म्हैसूर राज्यात गेले आणि अभ्यासाचे विषयही तसेच वाटले गेले. एकाकडे मराठी गोंधळी राहिले, दुसरीकडे कन्नड गोंदलिगर. विधीने मात्र ही सीमा मानलेली नाही.

आज रात्रभराचा गोंधळ लग्नाच्या मांडवात तासा-दोन तासांवर येतो, तेव्हा आख्यान संक्षिप्त होते आणि सर्वांत आधी आवाहनाला कात्री लागते. हानी नेमकी येथेच आहे. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी ही नावे टिकतील; पण त्यांच्यामागून येणारी खेड्यापाड्यांची दैवते, त्यांची ग्रामनामे व विशेषणे गळून पडतील. ती नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. चारठाण्याचा स्तंभ ढासळला तर त्याचे दगड तरी उरतील. आवाहनातील नाव एकदा गळले की त्याची खूणही मागे राहत नाही. म्हणून परभणीतील वास्तूंच्या नोंदीइतकीच आवाहनांची गाववार नोंद निकडीची आहे, आणि ती मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी मिळून करावयाची आहे.