थर्मामीटर नव्हता तेव्हा ताप कसा सांगायचे?

“अंग फणफणलंय”, “हात लावला तर चटका बसतोय”, “नुसती कणकण आहे”, “थंडी वाजून ताप भरला”. पावसाळा सुरू झाला की जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही दवाखान्यात ही वाक्ये कानावर येतात. अहिराणी बोलणारी आजी “माले थंडी वाजी ऱ्हायनी” म्हणते. रावेरपलीकडून, बऱ्हाणपूरहून आलेल्या रुग्णाला ‘बुखार’ असतो, तर गुजरात सीमेकडच्याला ‘ताव’.

‘ताप’ हा शब्द संस्कृत ‘तप्’ म्हणजे तापणे या धातूवरून आला. गुजराती ‘ताव’ आणि फारसी ‘तब’ ही त्याचीच भावंडे. ‘बुखार’ मात्र मूळचा अरबी. त्याचा अर्थ वाफ. कोकणीत ‘ज्वर’चा ‘जोर’ झाला. या शब्दांनी अंगाची धग सांगितली. पण ताप किती, यापेक्षा ताप कसा येतो, हे जुन्या लोकांनी जास्त बारकाईने पाहिले होते.

अथर्ववेदात तापाला ‘तक्मन्’ म्हटले आहे. तो थंडी भरवतो, कापरे आणतो, दिवसाआड परततो, पावसाळ्यात आणि शरदात येतो, असे वर्णन तिथे आहे. पुढे चरकसंहितेत ‘तृतीयक’ आणि ‘चातुर्थिक’ ज्वर आले. ग्रीक वैद्यांनीही हीच विभागणी केली होती. ताप आलेला दिवस पहिला, मधला मोकळा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप, म्हणून तृतीयक. मलेरियाचे जंतू ठरावीक तासांनी रक्तपेशी फोडून बाहेर पडतात. काही प्रकारांत ४८, तर एका प्रकारात ७२ तासांनी. जंतू कुणी पाहिला नव्हता, पण त्याचे वेळापत्रक मात्र शब्दांत उतरले होते.

मराठीतला ‘हिवताप’ हा शब्दही असाच अचूक आहे: आधी हिव, मग ताप. टायफॉइडला आपल्याकडे ‘मुदतीचा ताप’ म्हणतात, कारण उपचार नसताना तो आठवडेच्या आठवडे मुदत घेऊन उतरायचा. शब्द कधी फसवतातही. चरकांच्या ‘विषमज्वरा’त असे आड दिवसाचे ताप येत, आज मराठीत विषमज्वर म्हणजे टायफॉइड.

१८६८ मध्ये जर्मनीतील लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींवरून ग्रंथ लिहिला आणि ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, हे निरोगी शरीराचे तापमान रूढ झाले. त्याआधीचा थर्मामीटर फूटभर लांब असे आणि तो २० मिनिटे धरून ठेवावा लागे. इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याच दशकात तो सहा इंचांचा केला. तेव्हापासून ताप आकड्यात मोजला जाऊ लागला.

आकडा हवाच. पण तो एकटा पुरत नाही. मे महिन्यात शेतातून आणलेल्या माणसाचा थर्मामीटर १०४ दाखवतो, आणि जुलैमध्ये हिवतापाच्या रुग्णाचाही १०४. हिवतापात मेंदूच शरीराचे तापमान वर चढवतो, म्हणून आधी थंडी वाजते. उष्माघातात मेंदूने तसे सांगितलेले नसते. शरीराची थंड होण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत नेणे, अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे आणि तातडीने रुग्णालय गाठणे, हेच जीव वाचवते. “ऊन लागलंय” हे दोन शब्द वेळेवर सांगितले तर उपचाराची दिशाच बदलते.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना आकडा लिहून न्या आणि शब्दही न्या: थंडी वाजली का, ताप रोज येतो की दिवसाआड, घाम येऊन उतरतो का, किती दिवस झाले. रुग्ण वातात बरळत असेल, झटके आले असतील, धाप लागत असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर आकडा कितीही असो, थांबू नका. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ ताप असला तरी लगेच दाखवा. “साधी कणकण आहे” म्हणून वाट पाहू नका.