कावळ्याचे घरटे आणि मृगाचा पाऊस

स्मरणिकेसाठी काही जुने लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम आठवली ती माझ्या सासूबाईंची कावळ्यावरची पाळत. वैशाख लागला की त्या परसातल्या आंब्याकडे पाहत. घरटे झाडाच्या मध्यावर, दाट फांदीत असले तर पाऊस चांगला. शेंड्याला असले तर बेताचा. आणि काटेरी बाभळीवर दिसले तर त्या कणगीतले धान्य पुन्हा मोजून ठेवीत. मी शाळा शिकलेली सून. मनातल्या मनात हसत असे.

पुढे वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ भाषांतरातून वाचनात आली आणि माझे हसू मावळले. सहाव्या शतकातल्या या ग्रंथात वैशाखातल्या कावळ्याच्या घरट्याचा विचार केलेला आहे. निरोगी झाडावर असेल तर सुकाळ, काटेरी किंवा वाळक्या झाडावर असेल तर दुष्काळाचे भय. मुंग्या अंडी हलवू लागल्या की पाऊस जवळ आला, हेही त्यात आहे. अक्षरओळख नसलेल्या सासूबाईंपर्यंत हे कोणत्या पोथीने आणले? मला तर वाटते, पोथीतच ते अशा बायाबापड्यांच्या तोंडून गेले असावे.

म्हणून सगळेच खरे मानावे असे मात्र नाही. मृगाचा तांबडा मखमली किडा पाऊस सांगत नाही; जमीन भिजली म्हणून तो वर येतो. चातकाची साक्ष त्याहून बरी, कारण तो आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने येतो. खुद्द मृगाचे गणितही सरकते. सूर्य हल्ली ७-८ जूनच्या सुमारास मृगात येतो, आणि ही तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. वराहमिहिराच्या काळी मृग आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी लागत असला पाहिजे. पाऊस काही नक्षत्र विचारून येत नाही!

१९७२ साली घरटे अगदी मध्यावर होते. सासूबाईंच्या शब्दावर घरातले सगळे बियाणे पेरले गेले. पुढे पावसाने डोळे वटारले, उगवलेले करपले. आम्ही दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली. कावळ्याचे नाव त्यांनी काढले नाही, मीही काढले नाही.

पुढच्या वैशाखात त्या पुन्हा आंब्याखाली उभ्या राहिल्या. घरटे मध्यावरच होते. उसनवारीने आणलेले बियाणे मात्र त्यांनी निम्मेच बाहेर काढले.