एक हजार नऊनंतरचं वर्ष

कल्याण-डोंबिवलीत कुणी जरा वेडंवाकडं वागलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. पुणेकर याच कामाला येरवडा वापरतात. ठाण्याचं मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे हा विनोद आमच्या आजोबांच्याही आधीचा असावा. मीही तो शेकडो वेळा केलाय. तो पहिल्यांदा खटकला एक जुनं स्कोअरकार्ड वाचताना.

४ जानेवारी २०१६. कल्याणच्या वायले नगरमधलं मैदान, भंडारी कप ही आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे सलामीला आला आणि दिवस संपला तेव्हा ६५२ वर नाबाद होता. ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या इंग्लिश मुलाने १८९९ साली क्लिफ्टन कॉलेजात काढलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याच संध्याकाळी मोडला होता. ११६ वर्षं टिकलेला विक्रम! दुसऱ्या दिवशी प्रणव १००९ वर पोचला, तोही नाबाद. ३२३ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला आणि समोरची आर्य गुरुकुल ३१ आणि ५२ धावांत संपली.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. लोकलमध्ये, कँटीनमध्ये, सगळीकडे एकच आकडा. आपल्या कल्याणचा पोरगा, वडील रिक्षा चालवतात, वय पंधरा. अभिमान वाटला हे खरंच. आमच्याकडे मुलाची ओळख आकड्यानेच होते. स्टेशनबाहेरच्या क्लासच्या फ्लेक्सवर फोटोखाली नाव लहान आणि टक्के मोठे असतात. प्रणवला फक्त सगळ्यांत मोठा आकडा मिळाला होता.

तेंडुलकरने सही केलेली बॅट पाठवली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी महिना १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. चॅनेलच्या गाड्या आल्या. त्याच आठवड्यात दुसरी बाजूही छापून आली: एका बाजूची सीमारेषा अगदी जवळ होती, आर्य गुरुकुलची मोठी मुलं दहावीच्या परीक्षेमुळे नव्हती आणि गोलंदाजीला बरीच लहान पोरं होती. त्या पोरांना आठवून कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही. दोन दिवस चेंडू आणायला धावणारी ती मुलं आज विशीत असतील.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला रस आहे तो पुढच्या दीड वर्षात.

२०१६ च्या उन्हाळ्यात सोशल मीडियावर एक पोस्ट धो धो फिरली. पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकर आला आणि हजार धावा करणारा रिक्षावाल्याचा मुलगा वगळला, असा त्याचा सूर. घराणेशाही, जात, वशिला अशा सगळ्या भांडणांत एका शाळकरी मुलाचा फोटो वापरला गेला. शेवटी वडिलांनाच सांगावं लागलं की ती निवड या खेळीच्या आधीची होती आणि दोघं मुलं मित्र आहेत. डिसेंबरमध्ये कल्याणच्या सुभाष मैदानावर एका केंद्रीय मंत्र्यांसाठी हेलिपॅडची तयारी झाली, प्रणवने आक्षेप घेतला, तर पोलिसांनी त्याला आणि वडिलांना ठाण्यात नेलं, मग सोडलं. याचीही देशभर बातमी झाली. सरावाच्या मैदानासाठी दुसऱ्या कुणी पोराने वाद घातला असता तर गल्लीबाहेर कळलं नसतं.

आणि २०१७ मध्ये वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं: मुलाची कामगिरी गेल्या मोसमात चांगली झाली नाही, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवावी.

या पत्राकडे परत येतो. आधी, त्या सुमारास आजूबाजूला काय बोललं जात होतं ते सांगतो. "डोक्यात हवा गेली." "एका मॅचचा हिरो." आणि जरा क्रिकेट कळणाऱ्यांचा शब्द, "टेम्परामेंट नाही." मी प्रणववर कुठल्याही आजाराचा शिक्का मारत नाही, तो अधिकार मला नाही. मुद्दा आपल्या शब्दांचा आहे. सोळा वर्षांच्या मुलावर असह्य ओझं पडू शकतं, हे म्हणायला आपल्याकडे साधा शब्द नव्हता. होते ते सगळे शब्द स्वभावाला दोष देणारे.

याला मुंबई क्रिकेटचा इतिहास कारणीभूत आहे असं मला वाटतं. या क्रिकेटचा सगळ्यांत लाडका शब्द "खडूस". खडूस म्हणजे विकेट फेकणार नाही, हरणार नाही, दुखलं तरी दाखवणार नाही. पहाटेची लोकल, खांद्यावर किट, दिवसाला दोन-दोन मॅच अशा रगड्यातून हा शब्द आला आणि त्याने संघाला रणजी करंडकांची रास मिळवून दिली. पण खडूस माणसाला "मला भीती वाटते" म्हणायची सोय नसते. ते म्हटलं की तो खडूस राहत नाही.

विनोद कांबळीचं उदाहरण बघा. आपल्या मध्य रेल्वेवरच्या कांजूरमार्गचा मुलगा. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकरबरोबर ६६४ ची भागीदारी, त्यात त्याच्या नाबाद ३४९. १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटींत २२४ आणि २२७. १३ मार्च १९९६ ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि नाबाद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. तो चोवीस वर्षांचा होता. शेवटची कसोटी आदल्या वर्षीच खेळून झाली होती, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. १७ कसोटी, सरासरी ५४.२०.

ते अश्रू आपण तीस वर्षं टीव्हीवर पाहतोय. सुरुवातीला देशप्रेम म्हणून, नंतर थट्टा म्हणून, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो आजारी अवस्थेत ठाणे जिल्ह्यातल्याच एका रुग्णालयात दाखल झाला तेव्हा रील म्हणून, खाली दुःखी गाणं लावून. दारूबद्दल आणि उपचारांबद्दल तो स्वतः बोललाय. आपली कमेंट मात्र ठरलेली: सचिनकडे शिस्त होती, याच्याकडे नव्हती. एवढ्या एका वाक्यात प्रकरण मिटतं.

बाहेरही फार वेगळं नव्हतं. २००६ मध्ये इंग्लंडचा मार्कस ट्रेस्कोथिक भारत दौरा अर्धवट टाकून परतला आणि पुढे टीव्हीवर कारण सांगितलं ते व्हायरसचं. खरं कारण नैराश्य, ते त्याने दोन वर्षांनी आत्मचरित्रात लिहिलं. (आमच्या आयटीत "बर्नआउट" शब्द रोज ऐकू येतो, पण रजेच्या अर्जात अजून व्हायरल फीव्हरच लिहितात.) विराट कोहली २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या नैराश्याबद्दल बोलला ते २०२१ मध्ये. मधल्या सात वर्षांत त्याने धावांचे डोंगर उभे केले होते.

मग ३० ऑक्टोबर २०२५. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, म्हणजे जिल्हा ठाणेच. महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ करून जिंकून देते आणि नंतर माईकसमोर रडत सांगते की स्पर्धेच्या सुरुवातीला ती अँग्झायटीतून जात होती, आईला फोन करून रडत होती. याच स्पर्धेत तिचे दोन भोपळे झाले होते, एका सामन्यात तिला बसवलंही होतं. मी ती क्लिप रात्री एक वाजता पाहिली आणि माझेही डोळे भरून आले. खडूस मुंबईची खेळाडू, मुंबईला लागूनच्या मैदानावर, आणि कुणी "नाटकं" म्हटलं नाही. निदान त्या रात्री तरी.

पण एक शंका जात नाही. ती हे १२७ नंतर बोलली. दुसऱ्या भोपळ्यानंतर बोलली असती तर? कोहली डोंगर उभे केल्यावर बोलला, ट्रेस्कोथिक घरी परतल्यावर दोन वर्षांनी. जिंकलेल्याने सांगितलं की ती प्रेरणादायी कथा होते. पडलेल्याने पडलेला असतानाच सांगितलं तर काय होतं, याचं उदाहरण मला आपल्या जिल्ह्यात एकच सापडतं, आणि ते खेळाडूने नव्हे तर त्याच्या वडिलांनी लिहिलेलं आहे.

२०१७ चं ते पत्र तेव्हा बातम्यांत "प्रामाणिकपणा" म्हणून आलं. प्रामाणिक ते होतंच. मला त्यात आणखी काहीतरी दिसतं. मुलावरचा भार कमी करा, त्याला नुसतं खेळू द्या, असं कुणाला लिहिणार? असोसिएशनकडे त्यासाठी कुठला अर्ज होता? शिष्यवृत्तीचा होता. म्हणून जे मागायचं ते पैशाच्या भाषेत मागितलं गेलं, असं मी ते वाचतो. शिष्यवृत्ती डिसेंबर २०२० पर्यंत चालणार होती. उरलेली रक्कम चार लाखांच्या वर जाते, आणि ती नको म्हणणारा माणूस कल्याणमध्ये रिक्षा चालवत होता.