नाशिकची भाडोत्री घरे आणि दिव्यांगांचा निवारा

परक्या माणसाला घरात उतरवून घेण्याची रीत नाशिकला जुनी आहे. गोदाकाठच्या वाड्यांत तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांची सोय करीत, त्यांच्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवीत; मात्र हा मुक्काम चार दिवसांचा असे. बेल्जियममधील गील हेही यात्रेचे गाव. तेथे मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्यांचा मुक्काम मध्ययुगापासून लांबत गेला आणि गावकऱ्यांच्या घरी रुग्ण वर्षानुवर्षे राहू लागले. नाशिकला तसे घडले नाही. येथे मनोरुग्णाचे वा अपंगाचे छप्पर नात्यावर उभे राहिले, आणि नाते तुटले की जिल्ह्याबाहेरचा रस्ता उरे, कारण विसाव्या शतकात राज्याची चारही प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे होती.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने खोल्यांचे भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधले, ज्यास ‘प्रमाण भाडे’ म्हणत, आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क दिला. अपंग मुलगा किंवा वेडसर ठरवलेली बहीण जुन्या भाड्यात टिकून राहिली ती या तरतुदीमुळे. दिव्यांगांसाठी न केलेला हा कायदाच त्यांच्या सर्वाधिक उपयोगी पडला असे म्हणण्यास जागा आहे. पण त्याच कायद्यात शेजाऱ्यांना उपद्रव देणे हे घर खाली करून घेण्याचे एक कारण होते. सामाईक नळ, चौकातली न्हाणी आणि पातळ फळ्यांच्या भिंती असलेल्या वाड्यात रात्री मोठ्याने बोलणारा माणूस उपद्रवी ठरायला वेळ लागत नसे. आजार आणि उपद्रव यांत कायद्याने भेद केला नव्हता. शरीराने अपंग असलेल्याची अडचण निराळी होती, कारण उंच उंबरठा आणि भिंतीतून चढणारा अरुंद जिना यांवर कोणत्याही न्यायालयाचा हुकूम चालत नव्हता.

पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना कायदादुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला, मालक सावध झाले आणि अकरा महिन्यांचा करार रूढ झाला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले. येथे १८७२च्या करार कायद्याची जुनी अट आडवी येते: करार करणारा ‘शुद्ध मनाचा’ हवा. आजार उतारावर असताना केलेला करार हा कायदा ग्राह्य मानतो, तरी ते तपासत बसण्यापेक्षा भाऊ किंवा आई यांची सही घेणे मालकाला सोयीचे वाटते, आणि घर पुन्हा नात्याच्याच नावावर येते.

रजनीताई लिमये यांनी १९७७ साली नाशिकमध्ये मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. मुले मोठी होत गेली तसा ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा पालकांचा प्रश्न शाळेपुरता राहिला नाही. विद्याताई फडके यांच्या ‘घरकुल’ संस्थेने मतिमंद मुली व महिलांसाठी निवासाची सोय केली, ती या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी एक. अशा संस्थांचे मोल मोठे आहे. परंतु संस्थेतील खाट आणि स्वतःच्या नावाचे भाड्याचे घर या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद कायद्यात उशिरा आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने कोणालाही विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले आणि गृहयोजनांच्या वाटपात ५ टक्के आरक्षण ठेवले; २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णालय आणि घर यांमधला टप्पा असलेली निवासगृहे उभारण्याची वा त्यांना साहाय्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. तरीही महाराष्ट्रात मनोरुग्णालयातून बाहेर पडू शकणाऱ्यांना भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलवले गेले, आणि ते थांबवण्यास सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली सांगावे लागले. गृहयोजनेतील वाटा तेवढा कायद्याने दिला; दर महिन्याचे भाडे कोणी भरावे, याविषयी हे दोन्ही कायदे काही सांगत नाहीत.