वर्डच्या फाइलमध्ये स्लाइड शिरली कशी?

प्री-पीएच.डी. सादरीकरण झालं की आपल्यातले बरेच जण एक सोपा मार्ग धरतात: त्याच स्लाइड्स प्रबंधाच्या वर्ड फाइलमध्ये टाकतात. मीही टाकल्या होत्या. यवतमाळला प्रिंट काढायला गेलो आणि दुकानात बसल्याबसल्या एका आकृतीतली चूक दिसली. दुरुस्तीसाठी डबल-क्लिक केलं, तर मूळ फाइल सापडेना. चित्र समोर दिसतंय, पण उघडत नाही! स्लाइड्स टाकताना मी 'लिंक टू फाइल' निवडलं होतं आणि पेन ड्राइव्हवर फक्त वर्डची फाइल आणली होती. चूक माझीच, पण तिचं मूळ 1990 पर्यंत मागे जातं.

वर्ड 1983 मध्ये आलं. पॉवरपॉइंट 1987 मध्ये फोरथॉट नावाच्या दुसऱ्याच कंपनीने मॅकिंटॉशसाठी आणलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरला घेतली. दोन्ही प्रोग्राम एका घरात आले, तरी एकाची फाइल दुसऱ्याला कळत नव्हती. कॉपी-पेस्ट केलं की नुसतं चित्र यायचं. यावर 1990 मध्ये उपाय आला: ओएलई, म्हणजे ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग.

दोन्ही पर्याय नावातच आहेत. लिंकिंगमध्ये वर्डकडे मूळ फाइलचा फक्त पत्ता राहतो. एम्बेडिंगमध्ये ती फाइलच आत येते. दोन्हींत पानावर दिसतं ते मात्र एक चित्र. 1993 च्या ओएलई 2 मुळे वर्डच्या खिडकीतच स्लाइड दुरुस्त करता येऊ लागली. ॲपलनेही ओपनडॉक हा पर्याय आणला होता. 1997 मध्ये तो गुंडाळला.

आत खरंच काय असतं, ते स्वतः बघा. ऑफिस 2007 पासूनची डॉक्स फाइल म्हणजे एक झिपच आहे. एम्बेड केलेल्या फाइलची एक प्रत घ्या, नावाच्या शेवटी झिप लिहा आणि उघडा. 'वर्ड' फोल्डरमध्ये 'एम्बेडिंग्ज' दिसेल आणि त्यात तुमचं सादरीकरण. फाइलवरून एम्बेड केलं असेल, तर पानावर एकच स्लाइड दिसते, पण आत सगळ्या असतात. लपवलेल्या स्लाइड्स आणि खालच्या नोट्ससुद्धा! अप्रकाशित डेटा असेल, तर अशी फाइल कुणालाही मेल करण्याआधी दोनदा विचार करा.

आता आपलं काम. 2009 च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत आवश्यक केली आणि शोधगंगेवर आपण प्रबंध वाचतो ते पीडीएफमध्ये. पीडीएफ केली की एम्बेड केलेल्या सादरीकरणाचं उरतं फक्त ते वरचं चित्र. मग बाकीच्या स्लाइड्समधला मुद्दा परीक्षकापर्यंत पोचणार कसा?

म्हणून कच्च्या मसुद्यात खुशाल एम्बेड करा. अंतिम प्रतीत मात्र आकृती चित्र म्हणून टाका, मुद्दा वाक्यांत लिहा आणि मूळ पीपीटी वेगळी जपून ठेवा. प्रबंध तुमच्या लॅपटॉपबाहेर वाचला जाणार आहे, हे विसरू नका.