सक्शन आणि डिलिव्हरी पाईप : पंपासाठी कोणत्या मटेरियलचा पाईप घ्यावा?

विहिरीवर मोनोब्लॉक पंप असलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मोटार चालू होते, आवाजही नेहमीसारखा येतो, पण पाणी येत नाही. आलेच तर गुळण्या टाकत येते. मग फुटव्हॉल्व्ह (गावाकडच्या भाषेत ‘फुटबॉल’) वर काढून पाहिला जातो, पुन्हा पाणी भरून प्रायमिंग केले जाते, शेवटी मोटार खोलली जाते. थ्री फेज वीज ठरावीक तासांचीच असते. त्यातले दोन तास यात गेले की पिकाची पाळी चुकते. आणि पंप कोरडा चालत राहिला तर आतले मेकॅनिकल सील जळते, कारण त्याला थंड ठेवणारे पाणीच तिथे नसते.

अनेकदा दोष पंपात नसतोच, तो सक्शन पाईपात असतो. पंप बंद असताना हा पाईप गोल आणि धडधाकट दिसतो. पंप चालू झाला की तो चपटा होतो किंवा जोडातून हवा घेतो, म्हणून तो शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पाईप घेताना रंग, भाव आणि किती इंची एवढेच बहुतेक जण विचारतात. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या पाईपावर दाब आतून येणार आहे की बाहेरून?

पंप पाणी ओढत नाही

बोलताना आपण ‘पंप पाणी ओढतो’ असे म्हणतो. प्रत्यक्षात पंप सक्शन पाईपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली हवा ते पाणी पाईपात वर ढकलते. शोषक पंप सुमारे दहा मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाही, ही कारागिरांना माहीत असलेली गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवली होती. पुढे काही वर्षांतच त्याचा शिष्य टॉरिचेली याने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून कारण दाखवले. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलतो, त्याहून जास्त नाही.

ही झाली कागदावरची मर्यादा. पाईपातले घर्षण, फुटव्हॉल्व्हचा अडथळा आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की हाती सहा-सात मीटर उरतात. जागा जितकी उंच तितके हे कमी होते. महाबळेश्वरच्या उंचीवर समुद्रसपाटीच्या मानाने साधारण दीड मीटर घटतो. म्हणून उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की महागडा सक्शन पाईप आणून उपयोग होत नाही. पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवावा लागतो किंवा सबमर्सिबल घ्यावा लागतो.

आता सक्शन पाईपाच्या भिंतीवर काय गुदरते ते पाहू. पाणी पंपापासून सात मीटर खाली असेल तर पंपाजवळ पाईपाच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलोने कमी असतो. हा आकडा किरकोळ वाटतो. पण तीन इंची पाईपाचा एक मीटरचा तुकडा घेतला, तर त्याला चपटा करू पाहणारा भार पाचशे किलोच्या वर जातो. मऊ नळी तिथे टिकत नाही. तिला आतून आधार देणारा कणा लागतो, म्हणूनच सक्शन पाईपात टणक पीव्हीसीचे किंवा स्टीलच्या तारेचे वेटोळे असते.

डिलिव्हरीला उलटा प्रकार. तिथे पाणी आतून बाहेर दाबते आणि दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब धरावा लागतो. तीस मीटर चढावर पाणी न्यायचे तर तीन किलो, घर्षणाचे वेगळे. फुगू पाहणाऱ्या नळीला कणा नको असतो, तिला आवळून धरणारी सुताची किंवा पॉलिएस्टरची वीण लागते. लपेटा पाईप नेमका हेच करतो. पाणी सोडले की तो गोल होतो, पाणी थांबले की घडी घालून डोक्यावरून नेता येतो. डिलिव्हरीला इतका सोयीचा पाईप दुसरा नाही, आणि सक्शनला तो एक क्षणही चालणार नाही.

उलट चूकही बरीच दिसते. उरलेला हिरवा सक्शन पाईप डिलिव्हरीला जोडून टाकतात. जवळच्या पाटात पाणी सोडायचे असेल तर चालून जाते. पण चढावर दाब वाढला की टणक वेटोळ्यांमधली मऊ भिंत फुगते आणि फाटते. त्यात वीज अचानक गेली तर वर चढलेला पाण्याचा स्तंभ मागे येऊन आदळतो. त्या धक्क्याचा दाब नेहमीच्या कितीतरी पट असू शकतो. एकाच पाईपाने दोन्ही कामे करायची असतील तर वेटोळे आणि वीण दोन्ही असलेला सक्शन-डिस्चार्ज प्रकारचा पाईप मागावा. भाव जास्त पडतो.

पीव्हीसी, रबर की काळा पाईप?

शेतीत सर्वाधिक दिसतो तो लवचीक पीव्हीसीचा पाईप. स्वस्त, हलका, आतून गुळगुळीत, गंजत नाही. कोकणातल्या खाऱ्या पाण्याच्या तळ्यांवर हा मोठा फायदा आहे, कारण तारेच्या वेटोळ्याला कुठे चीर गेली की तार गंजू लागते. पीव्हीसीची खरी अडचण तापमान. तो मऊ राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचे द्रव्य मिसळलेले असते. वर्षानुवर्षे उन्हात पडला की ते निघून जाते आणि पाईप काचेसारखा ठिसूळ होतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे असा जुना पाईप उलगडायला गेलात तर तो तडकण्याची भीती असते.

उन्हाळ्यात वेगळेच घडते. पाईपावर छापलेला दाब साधारण २० ते २३ अंश तापमानाला मोजलेला असतो. मे महिन्यात मराठवाड्यात दुपारभर उन्हात पडलेला पाईप पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो आणि तिथे त्याची ताकद निम्म्याहूनही कमी राहू शकते. सकाळी नीट चालणारा सक्शन दुपारी चपटा होतो तो असा. विहिरीबाहेरचा भाग गोणपाटाने झाकला तरी फरक पडतो.

रबरी पाईप जड आणि महाग, पण उष्णता, ओढाताण आणि वरून चाक जाणे तो जास्त सोसतो. मात्र ‘रबर’ ही एक वस्तू नाही. नैसर्गिक रबर वाळूमिश्रित पाण्याची घासण उत्तम झेलते, पण ऊन आणि हवेतल्या ओझोनने त्याला बारीक भेगा पडतात. ईपीडीएम रबर ऊन-पावसाला टिकते, पण डिझेल किंवा ऑइल लागले की फुगते. नायट्राइल रबराचे बरोबर उलटे. डिझेल इंजिनाजवळ पाईप तेलात लोळणार असेल तर दुकानदाराला तसे सांगावे. इमारतीच्या पायातला गाळ उपसणाऱ्यांनी घासणीचा विचार आधी करावा. तिथे नैसर्गिक रबराचे अस्तर किंवा डिलिव्हरीसाठी पॉलियुरेथेनचा लपेटा पाईप साध्या पीव्हीसीपेक्षा जास्त टिकतो.

रबरी सक्शनचा एक छुपा दोष असतो. जुन्या पाईपात आतला थर वरच्या थरापासून सुटतो. पंप चालू झाला की तो सुटलेला थर पडद्यासारखा आत ओढला जातो आणि वाट अडवतो, पंप बंद केला की पुन्हा भिंतीला चिकटतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पाईप सोडवून आत टॉर्च मारावा आणि फुगीर जागा बोटाने दाबून पाहाव्यात.

पंप एका जागी कायमचा असेल तर लवचीक पाईपाचा हट्ट कशाला? तिथे एचडीपीई, म्हणजे आपला काळा पाईप, किंवा टणक पीव्हीसी सक्शनलाही चांगले काम देतो. फक्त पातळ भिंतीचा स्वस्त काळा पाईप घेऊ नये, तो उन्हात मऊ होऊन आत बसू शकतो. पाईपावर आयएस ४९८४ हा मानक क्रमांक आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो, तो वाचावा. हा पाईप उन्हात लांबतोही. तापमान तीस अंशांनी वाढले तर शंभर मीटरची लाईन जवळपास अर्धा मीटर वाढते, म्हणून ती ताणून टाकू नये, थोडी नागमोडी सोडावी.

पिण्याचे पाणी टँकरमध्ये भरायचे असेल तर शेतातला हिरवा पाईप वापरू नये. भंगार प्लास्टिकपासून केलेल्या पाईपात काय मिसळले आहे हे कुणी सांगू शकत नाही. फूड ग्रेड असे स्पष्ट छापलेला पाईप घ्यावा आणि तो त्याच कामाला ठेवावा. फवारणीच्या टाकीला लावलेला पाईप तर पिण्याच्या पाण्याला कधीच नाही.

जोडात हवा

मटेरियल बरोबर निवडूनही काम बिघडते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे व्यास. पाणी तेवढेच ठेवून तीन इंचीऐवजी दोन इंची सक्शन लावला तर घर्षण सात-आठ पट वाढते. सक्शन डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा ठेवणे कधीही बरे.

दुसरे म्हणजे जोड. डिलिव्हरी गळली तर पाणी दिसते. सक्शन गळतो तेव्हा पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि ती दिसत नाही. वेटोळ्याच्या पाईपावर तर उंचवट्यांमधल्या खाचेतून क्लॅम्पखाली हवेला वाटच मिळते. पाईपाचे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावे, मग निपलवर पूर्ण चढवावे आणि दोन क्लॅम्प एकमेकांविरुद्ध दिशेला तोंड करून आवळावेत. बांधायच्या तारेने आवळलेला जोड कधी ना कधी हवा घेतोच. तपासणी सोपी आहे: पंप बंद ठेवून सक्शन पाईप वरून काठोकाठ पाण्याने भरावा आणि दहा मिनिटे थांबावे. जिथून पाणी ठिबकेल तिथूनच चालू पंपात हवा शिरते. कुठेच ठिबकत नसेल आणि तरी पातळी उतरत असेल, तर फुटबॉल वर काढायची वेळ आता आली.